परसातल्या कोपऱ्यात बसायचा मांडव: आधी पश्चिम बघा, मग जमीन, छत सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं गाव, घरामागे परस, त्यात नैर्ऋत्य कोपऱ्यात १६ बाय १४ फुटांची मोकळी जागा. पश्चिमेला आणि दक्षिणेला पाच फुटांची विटांची कंपाउंड भिंत. मागच्या वेळचा बल्ल्यांचा (लाकडी वाशांचा) मांडव उधईने (वाळवीने) खाल्ला आणि रोहिण्यांच्या वादळात आडवा झाला. आता कायमचा पर्गोला, म्हणजे वर पट्ट्यांचं मोकळं छत असलेला मांडव, करायचा आहे, खाली सात-आठ माणसं बसतील अशी जागा हवी, आणि वर पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) टाकावं की शेडनेट, हे विचारलंय.

वर काय टाकायचं ते सांगतोच, पण त्यावरून सुरुवात केली तर पुन्हा पैसे वाया जातील. आपल्या भागात असा मांडव दोनच कारणांनी फसतो. एक, दुपारी चारनंतर त्याच्याखाली ऊनच असतं, म्हणून कोणी बसत नाही. दोन, काळी माती खांब हलवते. या दोन्ही गोष्टी छताच्या आधी ठरतात.

उन्हाचं आधी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कोणतंही छत बरोबर खाली सावली देतं. पण आपण बारा वाजता परसात बसत नाही, बसतो चार ते सात. मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर असतो, पाच वाजता २२-२३ अंशांवर. साडेआठ फुटांवर छत आणि दीड फुटावर बाक धरला तर मधलं अंतर सात फूट. चार वाजता छताची सावली बाकाच्या उंचीवर साडेनऊ फूट पूर्वेकडे सरकलेली असते, पाच वाजता सतरा फूट. म्हणजे बारा फुटी मांडवाची सावली पाच वाजता पूर्ण मांडवाबाहेर, वांग्याच्या वाफ्यावर. वर कितीही महागाचं छत घाला, हे बदलत नाही. पश्चिमेला उभा आडोसा लागतोच.

त्यात अजून एक बारकावा आहे. उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे झुकून मावळतो. जूनमध्ये तर २५ अंश उत्तरेला. म्हणून आडोसा पश्चिमेच्या खांबापाशी थांबवू नका, उत्तरेच्या बाजूला तीनेक फूट वळवून घ्या. हिवाळ्यात उलट होतं, सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि डिसेंबरात भर दुपारीसुद्धा ४५ अंशांच्या आसपासच असतो. ते ऊन आपल्याला हवंच असतं. तुमचा कोपरा नैर्ऋत्येचा आहे हे यासाठी फार चांगलं आहे: दक्षिणेची बाजू उंच ठेवायची, उत्तरेची ठेंगणी. मेमधलं तिरपं ऊन अडतं, डिसेंबरातलं आत येतं, आणि पावसाचं पाणी भिंतीच्या फटीत न जाता बागेकडे उतरतं.

आता जमीन. इथे माझं उत्तर तुमच्या जागेवर अवलंबून आहे, त्यामुळे आधी एक काम करा. चारही खांबांच्या जागी सब्बलने (पहारीने) पाच फूट खोल बघा. आर्वीकडच्या चढावरच्या गावांत दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. वर्धा नदीच्या काठच्या गावांत दहा फूट खणलं तरी काळीच. यवतमाळकडे बऱ्याच ठिकाणी थर उथळ आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यात खोल काळी तर आहेच, वरून खारपाण पट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. तिथे बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये किंवा त्यावर मारायला वापरू नये, आतली सळई गंजते आणि चार-पाच वर्षांत काँक्रीट फुटून निघतं. भंडारा-गोंदियाच्या सिहार, मोरांड, बरडी जमिनींचा हिशेब वेगळा, तिथे पाऊसही जास्त. तुमचं गाव आर्वीकडचं म्हणून मी काळी धरून बोलतो.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. हे सगळ्यांना माहीत असतं, पण मिस्त्री लोक त्याचा अर्थ ‘पाया मजबूत करा’ एवढाच घेतात. घरासाठी ते ठीक आहे, कारण घराचं वजनच मातीला दाबून ठेवतं. मांडव हलका असतो. त्याला माती दाबत नाही, उचलते. जुलैत एक खांब अर्धा इंच वर, दुसरा जागेवर. मेमध्ये पुन्हा खाली. वेल्डिंग तडकतात, फरशी उचलते, छताचे पत्रे ओढले जातात. म्हणून तीन गोष्टी करायच्या: पाया जमेल तितका खाली न्यायचा, त्याच्या भोवतीची काळी माती काढून मुरूम भरायचा, आणि तरीही थोडं हलेलच असं धरून वरचा जोड परत लेव्हल करता येईल असा ठेवायचा.

मी वापरतो ती मापं देतो. खांबांची मध्य ते मध्य चौकट १२ फूट पूर्व-पश्चिम, १० फूट उत्तर-दक्षिण. दोन्ही भिंतींपासून खांबाचा मध्य तीन फूट आत. यापेक्षा जवळ गेलात तर खड्डा खणताना भिंतीचा पाया उघडा पडतो आणि भिंत पहिल्या पावसात कलते. गुण्या (काटकोन) जुळवायला कर्ण मोजा, दोन्ही १५ फूट साडेसात इंच आले पाहिजेत.

खड्डा २ बाय २ फूट, साडेचार फूट खोल. त्याआधी मुरूम लागला तर मुरमात अर्धा फूट शिरून थांबा, पण वादळाच्या ओढीसाठी साडेतीन फुटांपेक्षा कमी नको. साडेचारलाही काळीच असेल तर आणखी नऊ इंच खणून तिथे मुरूम-रेती कुटून भरा. तळाला एक फूट जाडीचं पूर्ण काँक्रीट, त्यात १० मिमी सळईची पाच-पाच इंचांवर जाळी. त्यावर १२ बाय १२ इंचांचा काँक्रीटचा खांब वर येतो, जमिनीच्या वर सहा इंच काढायचा. त्यात १० मिमीच्या चार सळया आणि सहा इंचांवर ८ मिमीच्या रिंगा. सळया तळाच्या जाळीत वळवून बांधल्या पाहिजेत, नुसत्या उभ्या केल्या तर वादळात वरचा खांब तळातून उपटतो. माल १ सिमेंट, दीड रेती, ३ गिट्टी. चारही पायांना मिळून ३२ घनफूट काँक्रीट होतं. त्याला सिमेंटच्या ८ गोण्या, १५ घनफूट रेती, ३० घनफूट २० मिमी गिट्टी मागवा, थोडं उरेल. दहा दिवस पाणी मारा. मग खांबाभोवतीची उरलेली जागा मुरमाने भरायची, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसने (माती ठोकायच्या जड दांड्याने) कुटलेला. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत टाकायची नाही. मजूर सवयीने तीच ढकलतात, म्हणून ती खणतानाच दूर नेऊन टाका.

हा एवढा मोठा पाया कशाला, असं वाटेल. वाऱ्यासाठी. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. ७० चौरस फुटांचं पत्र्याचं छत असेल तर वर उचलणारी ओढ पाऊण टनाच्या घरात जाते. तुमचा सगळा लोखंडी सांगाडा मात्र २५० किलोचा. तो स्वतःच्या वजनावर टिकूच शकत नाही. वर सांगितलेल्या एका पायात साडेपाचशे किलो काँक्रीट, आणि तळाच्या रुंद भागावर कुटलेल्या मुरमाचं जवळपास तितकंच वजन. मागचा मांडव दीड फूट गाडलेल्या बल्ल्यांवर होता असं तुम्ही लिहिलंय. तो उधईने खाल्ला नसता तरी गेलाच असता.

मांडवाचे खांब काँक्रीटमध्ये गाडू नका, ते काँक्रीटच्या खांबांवर बोल्टने बसवायचे. लोखंड असो की सागवान, जमिनीच्या रेषेवर पाणी साचून तिथेच सडतं किंवा गंजतं. काँक्रीट टाकतानाच १६ मिमीचे चार जे-बोल्ट (खालचं टोक इंग्रजी जे-सारखं वळवलेले), १८ इंच लांब, वर चार इंच आटे, प्लेटच्याच भोकांचा साचा लावून बसवा. साचा नसेल तर बोल्ट इकडेतिकडे जातात आणि मग फॅब्रिकेटर गॅसने भोकं मोठी करत बसतो. खांबाखाली ८ बाय ८ इंच, १० मिमी जाडीची प्लेट. प्लेटच्या खाली एक नट आणि वर एक नट, मध्ये दीड इंच मोकळी जागा. ती जागा सिमेंटने भरायची नाही. याच नटांवर पुढे दरवर्षी मांडव लेव्हलला आणता येतो, आणि उधईची मातीची नळी वर चढू लागली तर ती या फटीत लगेच दिसते.

सांगाड्याला सागवान घ्यावं का, असा उल्लेख तुम्ही केलाय. आलापल्लीचं चांगलं सागवान मिळालं तर ते बाकाला वापरा. खांबांना मी चौकोनी लोखंडी पाइप सुचवतो: ७५ बाय ७५ मिमी, ३ मिमी जाडीचा. दक्षिणेचे दोन खांब ९ फूट, उत्तरेचे दोन ८ फूट. त्यावर उत्तर-दक्षिण दोन मुख्य आडवे पाइप १०० बाय ५० बाय ३ मिमी, प्रत्येकी १२ फूट, दोन्हीकडे फूटभर बाहेर. त्यांच्यावर पूर्व-पश्चिम पाच पाइप ८० बाय ४० बाय अडीच मिमी, प्रत्येकी १४ फूट, तीन-तीन फुटांवर. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगेल, म्हणून वजन लक्षात ठेवा: खांब आणि मुख्य पाइप फुटाला दोन किलोच्या आसपास, वरचे १.४ किलो. सगळं मिळून २२० किलो, प्लेटा-पट्ट्यांसह २५०. कोणी दीडशे किलोत करून देतो म्हणाला तर तो २ मिमीचा किंवा त्याहून पातळ पाइप घालतोय.

फॅब्रिकेटर बहुतेक वेळा विसरतात ती गोष्ट म्हणजे तिरपे आधार. चार खांब आणि वर चौकट एवढंच असेल तर मांडव टेबलासारखा हलतो, कोपऱ्यातले सगळे वेल्डिंग तो हलणं सोसतात आणि दोन-तीन वर्षांत फुटतात. प्रत्येक खांबाला दोन्ही दिशांनी दोन फुटांचा तिरपा तुकडा लावून घ्या, ४५ अंशांत. आठ तुकडे लागतात. डोकं आपटत नाही, कारण ते साडेसहा फुटांच्या वर सुरू होतात.

पाइपांची तोंडं पत्र्याने बंद करा. उघड्या पाइपात गांधीलमाश्या घर करतात आणि पाणी आतून गंजवतं. खांबाच्या तळाशी प्लेटच्या लगत ६ मिमीचं एक भोक ठेवा, आत जमलेलं पाणी निघून जाईल. वेल्डिंगची खपली ठोकून काढल्याशिवाय रेड ऑक्साइड मारू देऊ नका; गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. वरचा रंग फिका घ्या. काळा पाइप मेमध्ये हात लावण्याजोगा राहत नाही आणि वेलीच्या कोवळ्या शेंड्यांना चटके देतो.

आता छत. तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींपैकी पॉलिकार्बोनेट मी आपल्याकडे बसायच्या जागेवर घालत नाही. ते पाणी अडवतं पण ऊन आत घेतं, आणि खालची गरम हवा कोंडते. तपकिरी रंगाचं घेतलं तर उजेड कमी होतो, उष्णता फारशी नाही. शिवाय वानरं. ज्या गावात वानरांची टोळी फिरते तिथे पातळ पॉलिकार्बोनेट शीट त्यांच्या उडीने तडकते. कवेलूंचंही (कौलांचंही) तेच, आणि कवेलूला याहून कितीतरी जास्त उतार लागतो.

शेडनेट वाईट नाही, पण ती दोन वर्षांची सोय म्हणून घ्या, वेल चढेपर्यंत. ७५ टक्क्यांची, यूव्ही प्रक्रिया केलेली. बांधताना एक बाजू पक्की दोरीने, बाकी तीन बाजू साध्या सुतळीने. जोराचं वादळ आलं तर सुतळी तुटावी आणि नेट एका बाजूने फडफडत राहावी. चारी बाजूंनी तारेने आवळलेली नेट शिडासारखी वारा धरते आणि सांगाडा ओढते.

माझी पहिली पसंती बांबू आणि वेल. मुख्य पाइपांवरच्या पाच आडव्या पाइपांवर मानवेल बांबू उत्तर-दक्षिण टाकायचे, सव्वा इंच जाडीचे, १२ फुटी, आणि दोन बांबूंमध्ये सव्वा इंचाचीच फट. १४ फूट रुंदीला ६५ ते ७० बांबू लागतात. दिशा महत्त्वाची आहे. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, त्याला बांबू आडवे आले पाहिजेत. उत्तर-दक्षिण बांबू भर दुपारी निम्मं ऊन अडवतात, चार वाजता ८५ टक्के, आणि सूर्य ३० अंशांच्या खाली गेला की जवळजवळ सगळं. हेच बांबू पूर्व-पश्चिम टाकले तर उन्हाळ्यात किरणं फटीतून सरळ खाली येतात. पुस्तकातली परदेशी चित्रं पाहून बरेच जण दिशा चुकतात, कारण तिथे सूर्य कायम दक्षिणेला असतो.

बांबू मेळघाट किंवा गडचिरोलीकडचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. पावसाळ्याआधी तोडलेल्यात साखर-स्टार्च जास्त असतं आणि भुंगा वर्षभरात त्याचं पीठ करतो. बोरॅक्सची प्रक्रिया घरी करता येते: १३ फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल चर, त्यात ताडपत्री, ५०० लिटर पाणी, १५ किलो बोरॅक्स, १० किलो बोरिक ॲसिड. हिरवे बांबू न कापता निम्मे आधी, निम्मे नंतर असे दोन खेपांत बुडवा, प्रत्येक खेप दहा दिवस, वर दगड ठेवून. मानवेल बराचसा भरीव असतो, त्यामुळे तो पाणी हळू पितो. मग सावलीत तीन आठवडे वाळवा. उरलेलं पाणी झाडांना घालू नका, बोरॉनने झाडं जळतात. गुरं तोंड घालणार नाहीत हेही पाहा. पण हे स्पष्ट सांगतो: बोरॅक्स पाण्यात विरघळतं, उघड्या पावसात दरवर्षी थोडं धुवून जातं. म्हणून वाळलेल्या बांबूला उकळलेल्या जवस तेलाचे दोन हात द्या आणि दर दिवाळीनंतर एक. तरी चार-पाच वर्षांनी काही बांबू बदलावे लागतील. ते तारेने बांधलेले असतात, एकेक काढता येतो. लोखंडी पट्ट्यांनी तेवढीच सावली करायची तर लोखंड दुपटीपेक्षा जास्त लागतं, म्हणून मी हा खर्च पुन्हा पुन्हा करायला हरकत घेत नाही.

पावसाळ्यात तिथे बसायचंय का, हे तुम्ही लिहिलं नाही. बसायचं असेल तर पूर्ण छत झाकू नका. बाक असेल तिथली पश्चिमेकडची सहा फुटांची पट्टी फक्त रंगीत पत्र्याने झाका, तेवढ्या भागात बांबू नको. दक्षिणेकडून उत्तरेकडे १० फुटांत एक फूट उतार आपण आधीच ठेवलाय, तो पत्र्याला पुरतो. पत्रा तापतो, म्हणून आडव्या पाइपांच्या खालच्या बाजूने बांबूचे तट्टे बांधा. मधली तीन इंच हवा दोन्ही टोकांना मोकळी ठेवली तर पत्र्याची आच खाली येत नाही. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह. खोलगट भागात मारले की पहिल्याच पावसात ठिबकतात. उत्तरेच्या कडेला पन्हळ लावा. या पट्टीवर इंचभर पाऊस पडला की १७० लिटर पाणी येतं, ते खांबाच्या मुळाशी पडलं तर वरची सगळी मेहनत फुकट. पाइपने सहा-सात फूट लांब एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा.

पश्चिमेचा आडोसा मी कायमचा बांधत नाही. अडीच फूट रुंद, पाच फूट उंच बांबूच्या ताट्या, पश्चिमेला चार आणि वळणावर एक, जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन सात फुटांवर संपणाऱ्या. खालून वारा येतो, वरून गरम हवा निघते. खांबांमध्ये दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांना हुक, म्हणजे मृगाआधी काढून ठेवता येतात. मार्चअखेरीस त्याच हुकांवर वाळ्याच्या ताट्या लावा आणि चार वाजता पाणी मारा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते म्हणून कूलर चालतो, त्याच कारणाने ओल्या ताटीतून येणारा वारा इतका गार लागतो. पावसाळ्यात याचा काही उपयोग नाही.

पश्चिमेची भिंत मात्र लक्षात ठेवा. विटांची भिंत दुपारभर तापते आणि रात्री आठपर्यंत उष्णता सोडत राहते. बाक तिला टेकवू नका. खांब आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीत वेली लावायच्या, त्या भिंतही झाकतील. पण लावायच्या दोन खांबांच्या मध्यावर, कुठल्याही खांबापासून चार-पाच फूट दूर. खांबाच्या बुडाशी वेल लावून रोज पाणी दिलं तर एका पायाखालची काळी माती कायम ओली राहते, दुसऱ्याखालची कोरडी, आणि मांडव वाकडा होतो. मध्यावरून १० गेजच्या तारेने वेल वर न्या.

वेल निवडताना एकच कसोटी लावा: एप्रिल-मेमध्ये तिला पानं असतात का? गुळवेल औषधी म्हणून पुष्कळ जण लावतात, पण ती उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकते. बोगनवेल उन्हाला पक्की, पण काटे डोक्यावर लोंबतात आणि वजन फार. मधुमालती आपल्या उन्हात टिकते, पाणी दिलं तर दाट राहते, संध्याकाळी वास येतो. दोन रोपं पुरतात. डिसेंबर-जानेवारीत तिची कडक छाटणी करा, हिवाळ्याचं ऊन आत येईल आणि मार्चपर्यंत नवी पालवी भरेल. वर्षानुवर्षं छाटली नाही तर वरती वाळक्या काड्यांचा गठ्ठा होतो, त्यात उंदीर घर करतात आणि उंदरामागे साप येतो. पहिल्या वर्षी मधुमालतीसोबत मृगात दोडका आणि वाल लावा, पोळ्यापर्यंत मांडव हिरवा दिसेल. जानेवारीअखेर पुन्हा दोडका किंवा कारलं लावलं तर उन्हाळ्यालाही थोडी सावली मिळते, रोज पाणी देण्याची तयारी असेल तर.

खालची जमीन: फूटभर काळी माती काढा, मुरूम भरून जमिनीच्या वर तीन इंच आणा, थराथराने कुटा. त्यावर दोन इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा) आणि फरशी किंवा विटा, सांधे रेतीने भरलेले. सिमेंटचा सलग कोबा नको, दोन वर्षांत त्याला काळ्या मातीच्या भेगांचाच नकाशा उमटतो. रेतीवरची फरशी उचलली तर काढून परत बसवता येते. उतार उत्तरेकडे, १० फुटांत दोन इंच. काँक्रीटच्या खांबांभोवती इंचभर फट ठेवून ती रेतीने भरा, म्हणजे फरशी आणि पाया आपापले हलतील. पायांसकट मुरूम अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल.

बाकाला दक्षिणेची बाजू द्या आणि थोडा पश्चिमेला वळवा, इंग्रजी एल आकाराचा, दीड फूट उंच, दीड फूट खोल. दक्षिणेच्या १० फुटांत पाच माणसं, वळणावर तीन. लोखंडी चौकट, वर इंचभर जाडीच्या सागवानी पट्ट्या, मध्ये बोटभर फट. विटांचा ओटा बांधला तर तो संध्याकाळी गरम लागतो. बंगई (झोपाळा) टांगायची इच्छा होईलच. वरच्या ८० बाय ४० च्या पाइपांना ती टांगू नका. दोन मोठी माणसं झोका घेताना वजन नुसतं खाली येत नाही, आडवं हिसके देतं. बंगई हवी असेल तर ती आताच फॅब्रिकेटरला सांगा, म्हणजे दोन मुख्य पाइपांच्या मधोमध १०० बाय ५० चा आणखी एक पाइप आडवा घालून त्याला स्वतंत्र तिरपे आधार देता येतील.

क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत खड्डे आणि काँक्रीट. तेव्हा काळी माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली, खड्ड्याची कड ढासळत नाही आणि काँक्रीटवर मारलेलं पाणी टिकतं. मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीत बांधलेला पाया पहिल्याच पावसात सगळ्यात जास्त उचलला जातो. बांबूही त्याच दिवसांत तोडतात, तोवर त्याची प्रक्रिया होऊन जाईल. फेब्रुवारीत सांगाडा, मार्चमध्ये बांबू, नेट आणि ताट्या, जूनमध्ये वेली.

पहिल्या वर्षी दोनदा लेव्हल तपासा, एकदा पोळ्याच्या सुमारास आणि एकदा नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आधी. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही खांबांवर बांधतानाच केलेल्या खुणा जुळवा. पाव इंचापर्यंत फरक असेल तर हात लावू नका. अर्धा इंच झाला असेल तर आधी त्या खांबापाशी पाणी कुठून मुरतंय ते शोधा, बहुतेकदा पन्हळीचा जोड किंवा ठिबकची नळी निघते. ते बंद करा, पंधरा दिवस जाऊ द्या, आणि मगच नट फिरवा.